दीडशे माणसांचा कोटा आणि पन्नास गुण

आज कॅनडा म्हटले की बहुसांस्कृतिक देशाचे चित्र डोळ्यांपुढे येते. दुसऱ्या महायुद्धानंतरचा कॅनडा स्वतःकडे असा पाहत नव्हता. १ मे १९४७ रोजी पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांनी संसदेत स्थलांतराचे धोरण मांडले. लोकसंख्या वाढवायची आहे, मात्र तिचे मूळ स्वरूप बदलू द्यायचे नाही, हा त्यातला मुख्य मुद्दा. 'मूळ स्वरूप' म्हणजे गोरे, हे कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते. ब्रिटिश कोलंबियातील भारतीयांना मतदानाचा हक्क मिळाला तोही त्याच वर्षी.

भारत राष्ट्रकुलात राहिला, त्यामुळे त्याला सरळ नकार देणे अवघड झाले. १९५१ साली तोडगा निघाला: नागरिकांच्या जवळच्या नातलगांव्यतिरिक्त भारतातून वर्षाला १५०, पाकिस्तानातून १०० आणि सिलोनमधून ५० माणसे. १९५७ मध्ये भारताचा आकडा ३०० झाला. एवढ्या मोठ्या भूभागाच्या देशाने एवढ्याशा संख्येवर करार करावा, यातच सारे आले.

मग हे दार उघडले कसे? उदारमतवाद वाढला हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. पश्चिम युरोप युद्धातून सावरला आणि तिथले कुशल कामगार घर सोडेनासे झाले. इकडे कॅनडात नवी विद्यापीठे, रुग्णालये आणि कारखाने शिकलेली माणसे मागत होते. शिवाय १९६१ च्या राष्ट्रकुल परिषदेत पंतप्रधान डीफेनबेकर यांनी वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध आशियाई-आफ्रिकी देशांची बाजू घेतली होती. त्यानंतर घरचा वर्णभेदी नियम सांभाळणे शोभणारे नव्हते. १९६२ मध्ये मंत्री एलेन फेअरक्लॉ यांनी नवे नियम आणले आणि निवडीतला वंशाचा निकष बहुतांशी गेला. नातेवाइकांना बोलावण्याच्या बाबतीत मात्र युरोपीयांना झुकते माप राहिलेच.

तेही १९६७ मध्ये गेले. त्या वर्षीच्या गुणपद्धतीत शंभरपैकी ५० गुण मिळवणारा पात्र ठरे. शिक्षणाला जास्तीत जास्त २०, इंग्रजी-फ्रेंचच्या ज्ञानाला १०, व्यवसायाच्या मागणीला १५. अधिकाऱ्याच्या वैयक्तिक मतालाही १५ होते, म्हणजे मर्जीला जागा उरलीच. तरीही आपल्याकडच्या पदवीधराला हा हिशेब लगेच कळणारा होता. टोरोंटो परिसरात स्थिरावलेल्या मराठी अभियंत्यांपैकी अनेक जण याच वाटेने गेले. प्रवेशाचे गुण केंद्र सरकार देई, डॉक्टरकी-वकिलीचा परवाना मात्र प्रांतातल्या व्यावसायिक संस्थांच्या हाती. पदवी देशात शिरायला चाले, दवाखाना उघडायला चालेलच असे नाही.

याच काळात क्वेबेक ढवळून निघत होता. तिथे बहुसंख्य फ्रेंच भाषिक, पण उद्योगधंद्याची भाषा इंग्रजी. १९६१ च्या आकडेवारीवरून नंतर दिसले की, आपल्याच प्रांतात फ्रेंच वंशाचे लोक १४ वांशिक गटांत उत्पन्नाच्या दृष्टीने बाराव्या स्थानी होते. १९६० मध्ये निवडून आलेल्या ज्याँ लसाज यांच्या सरकारने खासगी वीज कंपन्या ताब्यात घेतल्या आणि चर्चच्या हातातले शिक्षण सरकारी खात्याकडे आणले. हा असंतोष शमवण्यासाठी केंद्राने १९६३ मध्ये द्विभाषा आणि द्विसंस्कृती आयोग नेमला.

'द्विसंस्कृती' या शब्दावर तिसऱ्यांनी आक्षेप घेतला. पश्चिमेकडच्या प्रेअरी प्रांतांत पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारे युक्रेनियन विचारू लागले: इंग्रज आणि फ्रेंच हेच दोघे देशाचे घटक, तर आम्ही कोण? त्यांचे सिनेटर पॉल युझिक यांनी १९६४ मध्ये बहुसंस्कृतीची बाजू मांडली. अखेर १९६९ मध्ये इंग्रजी आणि फ्रेंच या दोन अधिकृत भाषा झाल्या. ८ ऑक्टोबर १९७१ रोजी पिएर ट्रुडो यांनी बहुसांस्कृतिक धोरण जाहीर केले. भाषा दोन, संस्कृती अनेक, अशी ही तडजोड. ज्यांच्या असंतोषातून आयोग जन्मला त्या क्वेबेकला ती रुचली नाही, कारण संस्थापक भागीदारावरून आपण अनेकांपैकी एक झालो, असे तिथल्या पुढाऱ्यांना वाटले. १९७७ मध्ये क्वेबेकने स्वतःचा कडक भाषा कायदा केला आणि नव्या स्थलांतरितांच्या मुलांना सर्वसाधारणपणे फ्रेंच शाळेतच घालणे भाग पडले.

या वादात मूळ रहिवासी मात्र बहुतेक वेळ खोलीबाहेरच राहिले. आपला कायदेशीर दर्जा न सोडता संसदीय निवडणुकीत मत देण्याचा हक्क नोंदणीकृत आदिवासींना सरसकट मिळाला तो १९६० मध्ये.