संसर्ग ओसरल्यानंतरचे आजार

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात आणि नांदेड, किरकटवाडी या लगतच्या वस्त्यांत एका अपरिचित आजाराने चिंता निर्माण केली. प्रथम पायांना मुंग्या, मग हातापायांत अशक्तपणा, आणि काही रुग्णांना श्वास घेण्याचेही बळ न उरणे, असा त्याचा क्रम होता. पुढे रुग्णसंख्या दोनशेवर गेली. वैद्यकशास्त्रास हा आजार गुलेन-बारी सिंड्रोम या नावाने ठाऊक आहे. शेजारी रुग्ण असता आपणासही तो होईल अशी भीती वाटणे स्वाभाविक असले, तरी ती निराधार आहे. हा आजार स्पर्शाने पसरत नाही; तो रुग्णाच्या स्वतःच्याच संरक्षणयंत्रणेतून उद्भवतो.

पुण्यातील काही रुग्णांच्या मलनमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू आढळला आणि लक्ष दूषित पाण्याकडे वळले. एरवी हा जीवाणू चार-आठ दिवसांच्या जुलाबापलीकडे फारसे काही करीत नाही. परंतु त्याच्या बाह्य आवरणावरील शर्करायुक्त पदार्थ आणि माणसाच्या मज्जातंतूंवरील काही पदार्थ यांची रचना विलक्षण सारखी असते. जीवाणूचा नाश करण्यासाठी शरीर प्रतिपिंडे तयार करते. हीच प्रतिपिंडे पुढे मज्जातंतूंनाच शत्रू समजून त्यांवर हल्ला करतात. जुलाब थांबल्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी पाय लुळे पडू लागतात ते यामुळे. तोवर जुलाबाचा विसर पडलेला असतो. डॉक्टरांनी मुद्दाम विचारल्याशिवाय रुग्ण तो सांगतही नाही.

अशा सुमारे हजार संसर्गांमागे एखाद्यासच हा विकार होतो. मग त्या एकासच का, याचे उत्तर काही अंशी जीवाणूच्या प्रकारात आणि काही अंशी व्यक्तीच्या घडणीत आहे. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील लाइम गावाचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. १९७५ च्या सुमारास तेथील अनेक मुलांचे गुडघे सुजू लागले. प्रथम तो बालवयातील संधिवात मानला गेला. गोचिडीच्या दंशातून शरीरात शिरणारा जीवाणू त्यामागे आहे, हे १९८२ मध्ये जाहीर झाले. प्रतिजैविकांनी बहुतेक रुग्ण बरे होतात. मात्र काही थोड्यांची सूज जीवाणू नष्ट झाल्यावरही महिनोन्‌महिने टिकते आणि त्यांच्यात विशिष्ट जनुकीय ठेवण अधिक प्रमाणात आढळते.

याचा अर्थ संसर्गामुळे आनुवंशिक रोग जडतो, असा मात्र नाही. विदर्भात व नंदुरबारकडे आढळणारा सिकलसेल हा आजार जन्मतःच असतो. ताप वा संसर्ग झाल्यास त्या रुग्णास वेदनांचा तीव्र झटका येऊ शकतो, एवढेच. दोष आधीचा, निमित्त नंतरचे. शिक्षकांनी हा भेद पालकांना अवश्य समजावून सांगावा, कारण ‘त्या तापाने पोराच्या रक्तात रोग आला’ अशा समजुतीपायी घरातील इतर भावंडांची तपासणी राहून जाते.

गुलेन-बारीवर इम्युनोग्लोब्युलिन किंवा रक्तद्रव बदलणे हे उपचार आहेत. बहुसंख्य रुग्ण काही आठवड्यांत वा महिन्यांत बरे होतात. परंतु उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होणे महत्त्वाचे असते. म्हणून पायांची शक्ती झपाट्याने कमी होऊ लागल्यास अशक्तपणा म्हणून घरी न थांबता मोठे रुग्णालय गाठावे. जीवाणूपुरते बोलायचे, तर तो उकळीने मरतो आणि क्लोरिनसमोरही टिकत नाही. टाकीत औषध टाकल्याची नोंद वहीत असणे पुरेसे नाही. गावाच्या शेवटच्या नळाच्या पाण्यात दर लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक राहते काय, हे ग्रामपंचायतीने तपासावयाचे असते.