नोंद एकदाच व्हावी म्हणून

एका वाचनालयाचं उदाहरण घेऊ. सभासदांच्या टेबलात तीन कॉलम आहेत: क्रमांक, नाव आणि मोबाइल. नियम साधाच आहे, एका मोबाइल नंबरावर एकच सभासद. काउंटर मात्र दोन आहेत आणि दोन्हीकडे नवे अर्ज भरले जातात. हा एवढासा नियम डेटाबेसला कसा सांगायचा, हे सावकाश पाहण्यासारखं आहे, कारण दुबार नोंदींचा बहुतेक घोळ इथेच सुरू होतो.

सर्वांत आधी सुचणारा मार्ग दोन टप्प्यांचा. सिलेक्ट चालवून नंबर आधीपासून आहे का ते पाहायचं आणि नसेल तर इन्सर्टची वेगळी क्वेरी पाठवायची. चाचणी घेताना हे बिनबोभाट चालतं, कारण चाचणी घेणारा माणूस एकटाच असतो. प्रत्यक्षात या दोन क्वेरींच्या मधल्या काही मिलिसेकंदांत दुसऱ्या काउंटरवरून तोच नंबर आत जाऊ शकतो.

मग अट इन्सर्टच्याच पोटात घालावी, असं वाटतं. इन्सर्ट, मग व्हॅल्यूज आणि शेवटी व्हेअर असं लिहून पाहिलं की डेटाबेस सिंटॅक्स एरर देतो. व्हेअर हा सिलेक्टचा भाग आहे, व्हॅल्यूजचा नव्हे. म्हणून व्हॅल्यूजच्या जागी सिलेक्ट बसवायचा:

इन्सर्ट इन्टू सभासद (नाव, मोबाइल)
सिलेक्ट नवं_नाव, नवा_मोबाइल
व्हेअर नॉट एग्झिस्ट्स
(सिलेक्ट 1 फ्रॉम सभासद व्हेअर मोबाइल = नवा_मोबाइल);

ही क्वेरी आतून बाहेर वाचावी. कंसातला सिलेक्ट तो नंबर शोधतो. सापडला नाही तर नॉट एग्झिस्ट्स खरं ठरतं, बाहेरचा सिलेक्ट एक ओळ तयार करतो आणि इन्सर्ट ती टेबलात घालतो. सापडला तर बाहेरच्या सिलेक्टमधून शून्य ओळी येतात आणि इन्सर्ट शून्य ओळी घालतो. एररही येत नाही. पोस्टग्रेसमध्ये नोंद झाली की ‘इन्सर्ट 0 1’ असं उत्तर येतं, नाही झाली तर ‘इन्सर्ट 0 0’. शेवटचा आकडा किती ओळी आत गेल्या ते सांगतो. प्रोग्रामने तो वाचलाच पाहिजे, नाहीतर काउंटरवरच्या माणसाला ‘सभासद झालात’ असा खोटा निरोप जातो. ओरॅकलच्या जुन्या आवृत्त्यांत फ्रॉमशिवाय सिलेक्ट चालत नाही, तिथे ‘फ्रॉम ड्युअल’ जोडावं लागतं. ड्युअल हे एकाच ओळीचं, याच कामासाठी ठेवलेलं टेबल.

आता सगळं एका क्वेरीत आलं, म्हणजे काम फत्ते? नाही. पोस्टग्रेसची मूळ सेटिंग ‘रीड कमिटेड’ असते. या पातळीवर एका ट्रॅन्झॅक्शनला दुसऱ्याची कमिट न झालेली ओळ दिसत नाही. दोन्ही काउंटरनी एकाच क्षणी ही क्वेरी चालवली, तर दोघांचाही नॉट एग्झिस्ट्स प्रामाणिकपणे ‘नंबर नाही’ असंच सांगतो आणि दोन्ही ओळी आत जातात. क्वेरी कितीही देखणी लिहिली तरी ही फट तिच्याने बुजत नाही.

ती बुजवतो मोबाइल कॉलमवरचा युनिक कन्स्ट्रेंट. त्याच्यामागे इंडेक्स असतो आणि प्रत्येक नवी ओळ त्यातूनच आत जाते. तिथे तोच नंबर घेऊन दुसरं ट्रॅन्झॅक्शन आलं की त्याला थांबावं लागतं. पहिलं कमिट झालं तर दुसऱ्याला एरर मिळते, पोस्टग्रेसमध्ये तिचा कोड 23505, मायएसक्यूएलमध्ये 1062. पहिलं रोलबॅक झालं तर दुसरं आत जातं. माझं मत ठाम आहे: आधी युनिक, मग बाकीची हुशारी.

युनिक लावल्यावर एरर टाळायची सोय पोस्टग्रेसने 9.5 या आवृत्तीत, 2016 साली दिली. नेहमीच्या इन्सर्ट व्हॅल्यूजच्या शेवटी ‘ऑन कॉन्फ्लिक्ट (मोबाइल) डू नथिंग’ लिहायचं. नंबर असेल तर क्वेरी गुपचूप सोडून देते. जुन्या ओळीतलं नाव बदलायचं असेल तर डू अपडेट, त्यात नवी माहिती ‘एक्सक्लूडेड’ या नावाने मिळते. एसक्यूलाइटने हाच प्रकार 2018 साली 3.24 आवृत्तीत आणला.

मायएसक्यूएलमध्ये ‘ऑन डुप्लिकेट की अपडेट’ आहे, ते वापरावं. ‘इन्सर्ट इग्नोर’ मात्र जपून, कारण ते दुबार नोंदीबरोबर इतरही कित्येक चुका नुसत्या वॉर्निंगवर सोडतं आणि कॉलमात न मावणारं नाव कापून ठेवतं. ‘रिप्लेस’ तर त्याहून वाईट: ते जुनी ओळ पुसून नवी घालतं. क्रमांक आपोआप वाढणारा असेल आणि क्वेरीत दिला नसेल, तर सभासदाचा क्रमांकच बदलतो.

मोबाइल कॉलम रिकामा ठेवायला परवानगी असेल तर आणखी एक खाचखळगा आहे. नलची तुलना नलशीही ‘बरोबर’ ठरत नाही. त्यामुळे पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलमध्ये युनिक असूनही नल असलेल्या कितीही ओळी आत जातात. कॉलमवर नॉट नल लावणं हा सरळ उपाय.

काही नियम मात्र युनिकमध्ये बसत नाहीत. एका सभासदाकडे एका वेळी दोनच पुस्तकं, हा तसा नियम. देवघेवीच्या टेबलात इन्सर्ट करताना व्हेअरमध्ये न परतलेल्या पुस्तकांची मोजणी घालून ती 2 पेक्षा कमी असावी असं लिहिता येतं, पण दोन काउंटर एकदम आले की पुन्हा तीच फट. इथे कुलूप लागतं. ट्रॅन्झॅक्शन सुरू करून आधी त्या सभासदाची ओळ ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ने धरायची, मग स्वतंत्र क्वेरीने मोजणीसह इन्सर्ट, मग कमिट. दुसरा काउंटर पहिल्याच पायरीवर थांबतो आणि त्याची मोजणी पहिल्याच्या कमिटनंतर होते. दोन्ही पायऱ्या एकाच क्वेरीत कोंबू नयेत, कारण रीड कमिटेडमध्ये ताजं चित्र दर नव्या क्वेरीलाच मिळतं.

‘पुस्तकाची एक प्रत एका वेळी एकाकडेच’ हा नियम सोपा आहे. परतीची तारीख नल असलेल्या ओळींपुरताच, प्रत क्रमांकावर युनिक इंडेक्स टाकायचा. पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट दोन्हीकडे असा अंशतः इंडेक्स चालतो.

हे नुसतं वाचून सोडू नका. चाचणीच्या डेटाबेसवर दोन खिडक्या उघडा. युनिक काढून टाका, एका खिडकीत बिगिन लिहून नॉट एग्झिस्ट्सची क्वेरी चालवा, कमिट करू नका आणि तीच क्वेरी दुसरीत चालवा. तिथेही लगेच ‘इन्सर्ट 0 1’ येईल. मग पहिलीत कमिट करा, टेबल रिकामं करा, युनिक लावा आणि ऑन कॉन्फ्लिक्टची क्वेरी तशीच दोन्हीकडे चालवा. या वेळी दुसरी खिडकी थांबून राहते आणि पहिलीत कमिट केल्यावरच ‘इन्सर्ट 0 0’ म्हणते.