उपवासाचा परिणाम मोजायचा कसा?

गरोदर बाईने उपवास केला तर बाळावर परिणाम होतो का? साताऱ्यात किंवा सांगलीत कुणालाही विचारा, उत्तर लगेच मिळतं. संशोधन करणाऱ्याने विचारायचं ते पुढचं: हे ठरवायचं कसं?

सोपा मार्ग म्हणजे उपवास करणाऱ्या आणि न करणाऱ्या बायकांच्या बाळांची वजनं ताडून बघणं. रमजानच्या रोज्यांवर असे बरेच अभ्यास झालेत. 2018 मध्ये अशा 22 अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. जन्मवजनात ठळक फरक दिसला नाही. पण थांबा. गरोदर बाईला रोजे न धरण्याची मुभा इस्लाममध्ये आहे. मग धरते कोण? समजा, जिची तब्येत मुळात चांगली आहे तीच जास्त करून धरते. तसं असेल तर उपवासाचं नुकसान त्या तब्येतीखाली झाकलं जाईल.

डग्लस आल्मंड आणि भाष्कर मझुमदार यांनी 2011 मध्ये वेगळी वाट धरली. रोजे कुणी धरले हे पाहिलंच नाही. रमजान गरोदरपणात आला का, एवढंच पाहिलं. मिशिगनच्या 1989 ते 2006 च्या जन्मनोंदींत, गर्भात असताना रमजान आलेल्या अरब मातांच्या बाळांचं वजन कमी निघालं. रमजान दरवर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे सरकतो, म्हणून ऋतूचा परिणाम वेगळा काढता येतो.

आता हीच पद्धत नवरात्राला लावून बघा. गाडी अडते. अधिक महिन्यामुळे नवरात्र सप्टेंबर-ऑक्टोबर सोडत नाही. नवरात्रात तिसरा महिना असेल तर बाळंतपण एप्रिलच्या आसपासच. जत किंवा माणमध्ये तो उन्हाळा, पाण्याच्या ओढाताणीचा. दोष उपवासाचा की ऋतूचा? सांगता येत नाही. एकादशी-चतुर्थी तर प्रत्येक गरोदरपणात येतातच; तुलनेला कुणी उरतच नाही.

म्हणून प्रश्नावलीत ‘उपवास: हो/नाही’ एवढ्यावर भागत नाही. किती तास पोट रिकामं होतं? निर्जळी होती का? ताटात काय होतं? साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. दूध आणि शेंगदाण्यांत प्रथिनं असतात. पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 मध्ये सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासात बाळाच्या आकाराचा संबंध एकूण उष्मांकांपेक्षा दूध, पालेभाज्या, फळं किती वेळा खाल्ली याच्याशी जास्त दिसला.

हे काटेकोरपणे का करायचं? कच्च्या तुलनेवरून तुम्ही ‘काही होत नाही’ असं लिहिलंत, तर तेच वाक्य उद्या एखाद्या आशाताईच्या तोंडून गरोदर बाईपर्यंत पोचेल. आणि ‘फरक दिसला नाही’ म्हणजे ‘फरक नाही’ असं नव्हे.