बिंदुसरेपासून बॅलार्ड पियरपर्यंत

बिंदुसरेकाठच्या बीड शहरात रेल्वे यायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला. अहिल्यानगर–बीड–परळी मार्ग मंजूर झाला होता १९९५ साली. तेव्हा जन्मलेली पोरं आज आईबाप झाली आहेत. गंमत म्हणजे बीडहून अहिल्यानगरची गाडी सुटली आणि तीनच दिवसांनी, २० सप्टेंबरला, मुंबईत बॅलार्ड पियरजवळच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. आजोबांची रेल्वेची वाट पाहून होते न होते तोच नातू बोट मागायला लागला!

मागू दे की. पण कडेवर एक आणि बोटाला एक अशी वरात घेऊन बोटीवर चढायचं असेल, तर जाहिरातीतल्या घसरगुंड्या मागाहून बघा. आधी बारीक अक्षरातले नियम वाचा. खरी करमणूक तिथेच आहे.

कुलदेवी बालाघाटात, भक्त दर्यावर

बीडचा आणि समुद्राचा काय संबंध, असं कुणी विचारलं तर अंबाजोगाईकडे बोट दाखवायचं. कोकणातल्या कितीतरी कोकणस्थ घराण्यांची कुलदेवी म्हणजे आपली योगेश्वरी. राहायचं समुद्राकाठी आणि कुलाचाराला यायचं बालाघाटाच्या डोंगरात! याच कोकणातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून लेकराबाळांसह आगबोटीनं गावी जात. धक्का नसलेल्या बंदरात बोट लांब उभी राहायची आणि ट्रंका, वळकट्या, तान्ही मुलं असा सगळा ऐवज छोट्या पडावात उतरवला जायचा. तेव्हा ‘किड्स क्लब’ म्हणजे डेकवर अंथरलेली सतरंजी.

त्या बोटी १९८०च्या दशकात थांबल्या. पुढे ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई–गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ हे आलिशान जहाज आलं. नाव अर्थातच कान्होजी आंग्र्यांच्या घराण्यावरून. तेही फार काळ टिकलं नाही. २०१९ मध्ये आलेल्या जलेश कंपनीच्या ‘कर्णिका’चा गाशा कोरोनाच्या वर्षात गुंडाळला गेला. सप्टेंबर २०२१ पासून मुंबईच्या समुद्रात दिसते ती कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’.

टायटॅनिकहून मोठी, पण आखूड

‘एम्प्रेस’ नवीकोरी नाही. १९९० साली फ्रान्सच्या सेंट नाझेर गोदीतून ती ‘नॉर्डिक एम्प्रेस’ म्हणून बाहेर पडली आणि पुढची कैक वर्षं रॉयल कॅरिबियन या कंपनीच्या ताफ्यात होती. आता ऐका: टायटॅनिकचं माप होतं ४६,३२८ टन आणि एम्प्रेसचं आहे ४८,५६३ टन. म्हणजे मुंबईहून गोव्याला जाणारी आपली बोट टायटॅनिकपेक्षा मोठी भरते. लांबीत मात्र मार खाते. टायटॅनिक २६९ मीटर, ही २११. जहाजाचे हे टन वजनाचे नसतात, आतल्या जागेचे असतात, हे पोरांना सांगून ठेवा, नाहीतर ती तराजू शोधत बसतील.

आणि जगातल्या बड्या धेंडांपुढे ही एम्प्रेस म्हणजे चिमुरडीच. रॉयल कॅरिबियनचं ‘आयकॉन ऑफ द सीज’ २,४८,६६३ टनांचं आहे. २० डेक, ३६५ मीटर लांबी. सगळ्या खोल्या गच्च भरल्या तर ७,६०० प्रवासी. आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी गावाची वस्ती एका बोटीवर! लहान मूल घेऊन जाणाऱ्यानं मात्र एवढ्या आकाराला भुलू नये. खोलीपासून जेवणापर्यंतची पायपीट, लिफ्टपुढची गर्दी आणि मधूनच ‘मला उचल’ हा धोशा, हे सगळं टनांबरोबर वाढतं.

उष्टावण झालं की बोट

रॉयल कॅरिबियन आणि डिस्ने या दोन्ही कंपन्यांत बहुतेक सफरींसाठी बाळ किमान सहा महिन्यांचं लागतं. आपल्याकडे उष्टावणाचं जे वय, तेच. महासागर ओलांडणारी किंवा सलग बरेच दिवस किनारा न दिसणारी सफर असेल तर ते पूर्ण वर्षाचं हवं. वय मोजतात ते बोट सुटायच्या दिवशीचं, तिकीट काढलं त्या दिवशीचं नव्हे. प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा असू शकतो, म्हणून पैसे भरण्याआधी बाळाची जन्मतारीख सांगून लेखी उत्तर घ्यावं.

नियम पोटातल्या बाळालाही सुटलेला नाही. अनेक कंपन्या गरोदरपणाचा चोविसावा आठवडा लागला की बाईला घेत नाहीत, कारण समुद्रात बाळंतपणाची सोय नसते. म्हणजे पंचाईत बघा: आपल्याकडे डोहाळजेवणाचा एक प्रकार नावेतला, आणि ते करायचं सातव्या महिन्यात. क्रूझवर तो बेत बसायचाच नाही. माजलगावच्या धरणातली होडी बरी!

उलट टोकाला ‘व्हर्जिन व्हॉयेजेस’ आणि ‘व्हायकिंग’ आहेत. तिथे अठरा वर्षांखालच्यांना प्रवेशच नाही. स्वस्त दिसलं म्हणून चौघांचं बुकिंग करायला जाल आणि निम्मं कुटुंब धक्क्यावर राहील.

सगळ्यात मोठा प्रश्न: शी सांगतो का?

किड्स क्लब हा प्रत्येक कंपनीचा हुकमी पत्ता. चित्रं, खेळ, नाच, वर सांभाळायला ताई-दादा. आईबाप खूश. पण दारात पहिला प्रश्न येतो तो डायपरचा. रॉयल कॅरिबियनच्या क्लबात तीन वर्षं पूर्ण आणि डायपर सुटलेला, असा दुहेरी दाखला लागतो. कार्निव्हल कंपनीचा क्लब दोन वर्षांपासून घेतो. त्याहून लहानांसाठी रॉयल कॅरिबियनच्या बऱ्याच मोठ्या जहाजांवर आणि डिस्नेवर पाळणाघर असतं, पण त्याचे तासावर पैसे आणि जागा मोजक्या.

पोहण्याच्या तलावातही तेच. अनेक जहाजांवर डायपरवाल्या बाळाला मुख्य तलावात उतरू देत नाहीत. पाण्यात वापरायचा खास डायपर घातला तरी नाही. त्यांच्यासाठी कारंज्यांचा वेगळा कोपरा असतो, तोही काहीच जहाजांवर. दीड वर्षाच्या पोराला तीन दिवस निळं पाणी दाखवायचं आणि आत सोडायचं नाही, ही शिक्षा पोराला की आईबापाला, ते तुम्हीच ठरवा. म्हणून बुकिंग करताना ‘पूल आहे का’ एवढं विचारून थांबू नका, ‘आमच्या बाळाला चालेल असा पूल आहे का’ असं विचारा.

टँकर लागत नाही

हा भाग बीडकरांनी सावकाश वाचावा. मोठी जहाजं आपलं गोडं पाणी बहुतांशी स्वतःच तयार करतात. समुद्राचं पाणी तापवून त्याची वाफ थंड करायची, किंवा ते जोरानं बारीक पडद्यातून दाबून मीठ वेगळं काढायचं. आंघोळ, स्वयंपाक, धुणंभांडी सगळं त्यावर. शौचालयात तर पाणी जवळजवळ लागतच नाही, कारण तिथे विमानासारखं हवेनं ओढून घेणारं फ्लश असतं. बटण दाबलं की असा काही आवाज येतो की तीन वर्षांचं पोर दोन्ही कानांवर हात ठेवून बाहेर पळतं, आणि मग पुढचे दोन दिवस बटण दाबायची जबाबदारी बापाची. परदेशी जहाजांवर संडासात पाण्याचा फवारा बहुधा नसतो. बॅगेत एक प्लास्टिकचा मग टाका. हसू येईल, पण पहिल्याच सकाळी तुमची दूरदृष्टी घरात वाखाणली जाईल.

मांजरसुंब्याची परीक्षा

बोट लागण्याचंही वय असतं. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना प्रवास सहसा लागत नाही. सगळ्यात जास्त लागतो तो साधारण दोन ते बारा या वयात. म्हणजे मांडीवरचं बाळ निवांत झोपेल आणि त्याची सहा वर्षांची ताई हिरवीपिवळी होईल. घरबसल्या चाचणी हवी तर मांजरसुंब्याचा घाट आहेच. ज्याला एसटीत पिशवी लागते त्याच्यासाठी खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यभागातली खोली मागा. तिथे हेलकावा सगळ्यात कमी जाणवतो. टोकाची आणि वरची बाल्कनीवाली खोली फोटोला छान, पोटाला नाही. लहान मुलांचं उलटीचं औषध निघण्याआधी डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

ऋतूचंही बघा. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र खवळतो म्हणून मुंबईचा क्रूझचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. ‘एम्प्रेस’नं पावसाळ्यात चेन्नई गाठून तिकडून श्रीलंकेच्या फेऱ्याही केल्या आहेत. आपल्या जिल्ह्यात ऑक्टोबर म्हणजे कोयता घेऊन निघायचा महिना. ज्या दिवसांत बॅलार्ड पियरला बोटी भरतात, त्याच दिवसांत इथली हजारो कुटुंबं लेकरांसकट ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेली असतात.

पिवळ्या होड्या आणि टॉवेलचा हत्ती

जीवरक्षक होड्या भगव्या-नारिंगी असतात, लांबून दिसाव्यात म्हणून. डिस्नेच्या मात्र पिवळ्याधमक. का? मिकीच्या बुटांचा रंग पिवळा! त्यासाठी कंपनीनं अमेरिकी तटरक्षक दलाची खास परवानगी काढली. त्यांच्या जहाजांचा भोंगाही डिस्नेच्या गाण्यांचे सूर वाजवतो, आणि जहाजावर कसिनो नसतो. बच्चेकंपनीसाठी डिस्नेनं आता ‘अ‍ॅडव्हेंचर’ हे जहाज सिंगापूरच्या बंदराला दिलं आहे. मुळात ते दुसऱ्याच कंपनीसाठी जर्मनीत बांधायला घेतलं होतं. ती कंपनी बुडाली आणि अर्धवट सांगाडा डिस्नेनं विकत घेतला. सिंगापूरहूनच सुटणाऱ्या ‘गेंटिंग ड्रीम’वर भारतीय शाकाहारी आणि जैन जेवणही मिळतं, म्हणून आपल्याकडच्या टूरवाल्यांची ती लाडकी.

सुरक्षेचं एक पक्कं आहे. आंतरराष्ट्रीय नियमानुसार प्रवासी जहाजावर मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटं एकूण प्रवाशांच्या किमान दहा टक्के ठेवावी लागतात, आणि चोवीस तासांपेक्षा मोठ्या सफरीत प्रत्येक तान्ह्या बाळामागे एक. हे नियम ज्या करारात आहेत तो जन्मला १९१४ साली, टायटॅनिकच्या धक्क्यातून. खोलीत पाय ठेवल्याबरोबर बाळाच्या मापाचं जॅकेट मागून घ्या.

खोल्या चिंचोळ्या असतात. चौघांच्या खोलीत रात्री छतातून किंवा भिंतीतून जादाचे पलंग खाली येतात. मोठी मुलं त्यावर टपलेली असतात, पण सहा वर्षांखालच्याला वर झोपवू नये. बाळाचा पाळणा मागितला तर बहुतेक कंपन्या फुकट देतात, फक्त बुकिंगच्या वेळीच सांगावं लागतं. आणि संध्याकाळी जेवून परत यावं तर पलंगावर टॉवेलचा घडी घालून केलेला हत्ती बसलेला असतो, कधी त्याला बाबांचाच गॉगल लावलेला. मग तो हत्ती मोडायचा नाही असा हट्ट, आणि सगळं घर एकाच ओल्या टॉवेलनं अंग पुसतं.

धपाटे धक्क्यावरच

घरून शिजवून आणलेलं बहुतेक जहाजांवर चालत नाही. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दशम्या बोटीवर चढायच्या आधी फस्त करा. कंपनीचा शिक्का असलेलं बंद पाकीट आणि बाळाचं डबाबंद खाणं सहसा सोडतात. विजेची किटली मात्र आगीच्या भीतीनं काढून घेतात. दुधाला गरम पाणी हवं तर रात्रीच थर्मास भरून ठेवायचा.

मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका. समुद्रात फोन उपग्रहावर चालणाऱ्या जहाजाच्या नेटवर्कला जाऊन चिकटतो आणि पोरानं लावलेल्या एका कार्टूनचं बिल घरी पोचतं.

मग कुठली घ्यायची?

आमचं सरळ मत असं. तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर सिंगापूर नको. मुंबईहून दोन-तीन रात्रींची गोव्याची सफर पुरे. बीडहून मुंबई चारशेच्या आसपास किलोमीटर, म्हणजे रात्रभराची ट्रॅव्हल्स आधीच झालेली असते. एक दिवस आधी पोचून झोप काढा. ओळखीचा कंडक्टर एसटी दोन मिनिटं थांबवेल, बोट कुणासाठीही थांबत नाही. लक्षद्वीपची सफर देखणी, पण तिथे मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. छोट्या होडीत उतरावं लागतं, अगदी जुन्या कोकण बोटीसारखं. हलत्या होडीत तान्हं बाळ घेऊन पाय टाकायचा असेल तर हात धरायला दोन माणसं जादा हवीत.

पाच वर्षं ओलांडली, डायपर विसरला, किड्स क्लबात आईविना रमतो, की मग सिंगापूर. तोवर पासपोर्ट काढून ठेवा, पण फार आधी नको. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षं चालतो. भाव विचारताना लक्षात असू द्या की छापलेला दर दोघांत एक खोली या हिशेबानं माणशी असतो. त्याच खोलीतल्या तिसऱ्या-चौथ्याला सहसा कमी पडतं. पण बंदराचे आकार आणि सेवेची बक्षिशी बऱ्याच ठिकाणी अंगावरच्या बाळालाही लावतात, तेव्हा सगळं धरून आकडा मागा.

आणि उतरल्यावर घाबरू नका. बोटीची सवय झालेल्या शरीराला एक-दोन दिवस जमीनच डुलल्यासारखी वाटते. आपोआप थांबतं. अर्थात मुंबईहून बीडच्या रस्त्याला लागल्यावर जे हलतंय ते समुद्रामुळे की खड्ड्यांमुळे, हे कुठल्याच डॉक्टरला सांगता यायचं नाही.