पत्रपेटीवरचं नाव

जर्मनीत फ्लॅटला नंबर नसतो. पत्त्यात रस्ता, इमारतीचा क्रमांक, पिनकोड, शहर, संपलं. कितवा मजला, कुठलं दार, काही नाही. पोस्टमन खालच्या पत्रपेट्यांवरची आडनावं वाचतो आणि पत्र टाकतो. पेटीवर नाव नसलं की पत्र आल्या वाटेनं परत. आणि या देशात बँकेचं कार्ड, त्याचा पिन, विमा कंपनीचा कागद, सरकारी कार्यालयातली तारीख हे सगळं अजूनही टपालानं येतं. तेव्हा पेटीवर ज्याचं नाव नाही, तो माणूस इथे जवळपास नाहीच.

बर्लिनला आल्यावरचे पहिले अडीच महिने मी अशीच ‘नसलेली’ होते.

आले होते मात्र रीतसर. पुण्यात जर्मन शिकले, प्रमाणपत्रं तपासून घेतली, २०२४ च्या ऑक्टोबरात विमानात बसले. इथल्या सरकारी विद्यापीठांत शिक्षण फुकट असतं, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. ते खोटं नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या मुलांना सत्राला १,५०० युरो पडतात, बर्लिनमध्ये तेही नाहीत. सत्राची वर्गणी तेवढी भरायची, त्यात प्रवासाचा पास आला. पण व्हिसासाठी वर्षभराचा राहण्याजेवणाचा खर्च आधीच गोठवलेल्या खात्यात दाखवावा लागतो. माझ्या वेळी तो आकडा नुकताच ११,९०४ युरो झाला होता. अकरा-बारा लाख रुपये. त्यातून महिन्याला ९९२ युरो हातात येतात. बाबांनी सोसायटीतून कर्ज काढलं आणि शेजाऱ्यांना सांगितलं, ‘तिकडे शिक्षण फुकट असतं.’

आता खोलीची गोष्ट. बर्लिनमध्ये राहायला आलात की १४ दिवसांत नागरिक कार्यालयात जाऊन पत्त्याची नोंद करायची. तिला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. हा शब्द इथली भारतीय मुलं ‘जेवलास का?’ इतक्या सहज एकमेकांना विचारतात. नोंदीसाठी खोली भाड्यानं देणाऱ्याची सही असलेला कागद लागतो. माझी पहिली खोली पोटभाड्याची होती, आणि मूळ भाडेकरू अगदी गोड हसून म्हणाला, राहा खुशाल, पण नोंद नको आणि पेटीवर नावही नको. ओळख नाही, पाळख नाही, भांडणार कोणत्या भाषेत? पुण्याच्या वर्गात मी रेस्टॉरंटमध्ये सूप मागवायला शिकले होते, भाडेकरूशी वाद घालायला नाही. माझं बँकेचं कार्ड दोनदा परत गेलं.

डिसेंबरात एका सामायिक घरात खोली मिळाली. इथे अशा घराला ‘वेगे’ म्हणतात. चौघं जण, एक स्वयंपाकघर, आणि फ्रिजवर कुणी काय साफ करायचं त्याचा तक्ता. निवड मुलाखतीनं होते. मुलगी बघायला यावं तसे तिघं समोर बसून, तू रात्री किती वाजता झोपतेस, असं विचारत होते. पास झाले. त्याच संध्याकाळी घरातल्या एकीनं कागदाची पट्टी कापली, त्यावर माझं आडनाव लिहिलं आणि पेटीवर चिकटवली. ‘जोशी’. जर्मनमध्ये ‘जे’चा उच्चार ‘य’ होतो, त्यामुळे या इमारतीत मी योशी. पट्टी जरा तिरकीच लागली होती. मी तिचा फोटो काढून घरी पाठवला. आई म्हणाली, एवढा मोठा देश, साधी नेमप्लेट नाही?

शिक्षणाचं म्हणाल, तर इथे पाठीमागे लागणारं कुणी नाही. हजेरी बहुतेक ठिकाणी नाहीच. वेळापत्रकात दहा लिहिलेले असले तरी तास सव्वादहाला सुरू होतो. या पंधरा मिनिटांना ‘शैक्षणिक पाव तास’ असं भारदस्त नाव आहे. तास संपला की टाळ्या नाहीत. मुलं बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक करतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाईंचं काहीतरी चुकलं. लेखी परीक्षेऐवजी बऱ्याचदा पंधरा-वीस पानांचा निबंध असतो. विषय तुमचा, प्रश्न तुमचा, आणि शेवटी सही करून लिहून द्यायचं की हे माझंच आहे. पहिल्या निबंधात मी सहा विद्वानांची मतं नीट मांडली. शेरा आला: यात तुम्ही कुठे आहात? सोळा वर्षं शाळा-कॉलेजात मी नेमकं याच्या उलट शिकले होते.

गुणही उलटे. १.० सर्वांत चांगले, ४.० च्या पुढे नापास. दुसऱ्या निबंधाला मला १.३ मिळाले तेव्हा आनंदानं घरी फोन केला. पलीकडे शांतता. मग बाबा हळूच म्हणाले, ‘असू दे. कुणाला सांगू नकोस.’

माझे तास डालेममध्ये असतात, शहराच्या नैर्ऋत्येला. भुयारी रेल्वेच्या तीन नंबरच्या लाइनवर. तिथे ईनेश्ट्रास २२ ही इमारत आहे. आज तिथे राज्यशास्त्र शिकवतात. १९२७ मध्ये ती कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेसाठी उघडली, आणि १९२८ मध्ये तिथे संशोधनाला आल्या इरावती कर्वे. त्यांचं ‘युगान्त’ हे पुस्तक मी शाळेत असल्यापासून घरात होतं. पण त्या या जिन्यानं चढल्या असतील, हे इथे येईपर्यंत मनात आलं नव्हतं. संचालक ऑयगन फिशर त्यांचे मार्गदर्शक. कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंतली असमानता युरोपीय लोकांत जास्त असते आणि ती त्यांच्या श्रेष्ठत्वाची खूण आहे, असा फिशर यांच्या गोटातला समज होता. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. आकड्यांत तसं काही दिसेना. त्यांनी तसंच लिहिलं आणि १९३० मध्ये डॉक्टरेट घेऊन पुण्याला परतल्या. पुढे याच संस्थेला आउशवित्झहून माणसांच्या शरीराचे नमुने येत होते. दारावर त्याची पाटी आहे, आत प्रदर्शनही आहे. जर्मन लोक आपल्या दारावर अशी पाटी लावतात, हे मला या देशात सगळ्यात जास्त आवडलं.

गुरूच्या समजाला छेद देणारे आकडे परक्या भाषेत लिहिताना तेवीस-चोवीस वर्षांच्या त्या मुलीचं काय झालं असेल, हा विचार माझ्या निबंधावरचा तो शेरा वाचल्यावर फार वेळ डोक्यात होता.

बाकी बरंच आहे. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो. रविवारी दुकानं बंद, शनिवारी विसरलेलं दूध सोमवारी. काचेच्या शेगडीवर पोळी फुगत नाही, पापड भाजता येत नाही, आणि हिंग-मोहरीची फोडणी जरा चढली की बोळातला धुराचा अलार्म बोंबलतो. आता घरातले तिघंही फोडणीच्या वेळी न सांगता खिडकी उघडतात.

परवा नाशिकच्या एका मुलीचा फोन आला. खोली मिळतेय, स्वस्त आहे, घेऊ का? मी विचारलं, आनमेल्डुंग देतात का? ते विचारायचं राहिलं, म्हणाली. मग मी तिला म्हटलं, आधी ते विचार, आणि पेटीवर नाव लावू देणार का तेही. आणि अॅल्युमिनियमचा कुकर आणू नकोस, इंडक्शनवर चालत नाही. स्टीलचा आण. रिंगा दोन जास्तीच्या.