घरबसल्या काम, पण रजा कोणाला?

महागाव तालुक्यातील फुलसावंगीत राहून पुण्या-मुंबईच्या कंपनीचे काम करणे इंटरनेटमुळे शक्य झाले आहे. तान्हे मूल पाळण्यात निजले की संगणक उघडायचा, हे चित्र मोहक खरे. परंतु घरून केलेली सगळीच कामे कायद्याच्या लेखी सारखी नसतात.

मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठीची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. कामाचे स्वरूप तसे असल्यास रजेनंतर मालकाच्या संमतीने घरून काम करण्याची मुभाही तेव्हाच मिळाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने या तरतुदी कायम ठेवल्या. मात्र हा लाभ नोकरदार स्त्रीचा. तिनेही प्रसूतीपूर्वीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेले असावे लागते.

शब्दागणिक मोबदला घेऊन भाषांतर करणाऱ्या किंवा तासावर शिकवणाऱ्या स्त्रीला मालकच नसतो, मग रजा मागायची कोणाकडे? वेळेची मोकळीक तिला पुरेपूर मिळते. बाळ तापाने फणफणले, की त्या दिवसाची कमाई मात्र बुडते. म्हणून हाती पडलेला कागद नेमणूकपत्र आहे की निव्वळ कामाचा करार, हे सही करण्यापूर्वीच पाहून घ्यावे.