बचावपटूला नको असतं ते

बचावपटूला मैदानावर एक गोष्ट मनापासून नकोशी असते. चेंडू डोक्यावरून मागे, आपल्याच गोलच्या बाजूच्या कोपऱ्याकडे जातो. तोंड फिरवून त्याच्यामागे धावावं लागतं आणि पाठीवर प्रतिस्पर्धी येऊन आदळायच्या बेतात असतो. समोरून येणारा हल्ला एक वेळ परवडला, पण पाठ फिरवून पळताना भल्याभल्या सेंटर-हाफची, म्हणजे मधल्या बचावपटूची, भंबेरी उडते. जॅक चार्लटनने लीड्स युनायटेडकडून ७७३ सामने खेळताना हे पुरेपूर सोसलं होतं. पुढे प्रशिक्षक झाल्यावर त्याने जे उभं केलं, त्याच्या मुळाशी हेच होतं: जे मला नको होतं, ते समोरच्याच्या वाट्याला आणायचं. खाणकामगाराचा हा इंग्रज मुलगा आयर्लंडच्या गळ्यातला ताईत झाला तो या विचाराच्या जोरावर, आणि त्याच्यावर सर्वांत कडवट टीका झाली तीही याच विचारावरून.

इंग्लंडच्या ईशान्य टोकाला, नॉर्थम्बरलंडमध्ये ॲशिंग्टन नावाचं कोळशाच्या खाणींचं गाव आहे. ८ मे १९३५ रोजी जॅक तिथे जन्मला. वडील बॉब खाणीत होते आणि त्यांना फुटबॉलचं फारसं वेड नव्हतं. वेड होतं ते आईच्या माहेरी. आई सिसी ही मिलबर्न घराण्यातली. तिचे चार भाऊ व्यावसायिक फुटबॉलपटू, आणि न्यूकॅसलचा लाडका जॅकी मिलबर्न हा तिचा चुलतभाऊ. पोरांबरोबर चेंडू खेळायला ही बाई स्वतः उतरायची. तिच्या धाकट्या मुलाच्या, बॉबीच्या पायात जादू आहे, हे साऱ्या गावाला लहानपणीच कळलं होतं. थोरला जॅक उंच, हडकुळा, मासेमारीत रमणारा. त्याच्याकडून कुणाची मोठी अपेक्षा नव्हती.

पंधराव्या वर्षी तो खाणीत लागला. खाली उतरून पाहिलं आणि हे आपलं काम नव्हे म्हणून राजीनामा दिला. मग पोलिसात भरती व्हायचं ठरवलं. मुलाखत आणि लीड्सची निवड-चाचणी नेमकी एकाच वेळी आली. तो चाचणीला गेला. लीड्सने त्याला मैदानाच्या देखभालीला लावलेल्या मुलांत घेतलं आणि एप्रिल १९५३ मध्ये डॉनकास्टरविरुद्ध पहिल्या संघातून उतरवलं. त्यानंतर वीस वर्षं त्याने दुसऱ्या कुठल्या क्लबचा शर्ट घातला नाही.

पहिली काही वर्षं मात्र यथातथाच गेली. जॅक भांडखोर होता, दुसऱ्याचं ऐकून घ्यायचा नाही. चेंडू घेऊन पुढे पळत सुटायचा आणि मागे भगदाड पडायचं. डॉन रिव्ही तेव्हा त्याचा सहखेळाडू होता. मी मॅनेजर असतो तर तुला संघात घेतलं नसतं, असं त्याने जॅकला तोंडावर सुनावलं होतं. १९६१ मध्ये रिव्ही खरोखरच मॅनेजर झाला. पण त्याने जॅकला काढलं नाही, घडवलं. शेजारी नॉर्मन हंटरसारखा पोलादी जोडीदार आला, मधल्या फळीत बिली ब्रेम्नर आला, आणि दुसऱ्या विभागात धडपडणारं लीड्स पाच-सात वर्षांत इंग्लंडमधला सर्वांत दणकट संघ झालं. १९६८-६९ च्या लीग विजेतेपदाच्या हंगामात त्यांनी ४२ सामन्यांत फक्त २६ गोल खाल्ले आणि केवळ दोन सामने गमावले. हे आकडे बचावफळीचं प्रशस्तिपत्रक आहेत.

त्या काळातली जॅकची एक सवय नीट पाहण्यासारखी आहे. लीड्सला कॉर्नर मिळाला की तो प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेवर, गोलकीपरच्या अगदी नाकासमोर जाऊन उभा राहायचा. उंची सहा फुटांच्या वर, मान लांब; चाहते त्याला जिराफ म्हणायचे. गोलकीपरला चेंडू दिसायचा नाही, पुढे यायला वाट नसायची. जॅक डोकं लावायचा किंवा नुसती अडचण करायचा आणि मागून दुसरा कुणी गोल करायचा. गोलकीपर चिडायचे, वर्तमानपत्रं नाकं मुरडायची. पण यात नियमाचा भंग नव्हता. आपल्या पेनल्टी क्षेत्रात कसली अडचण सर्वाधिक जाचते, हे बचावपटूलाच ठाऊक, आणि त्याने ती उचलून दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवली. प्रशिक्षक जॅकचा जन्म माझ्या मते इथे झाला, १९७३ मध्ये मॅनेजर झाल्यावर नव्हे.

इंग्लंडच्या संघात तो आला तेव्हा तिशीला महिनाभरच कमी होता. बॉबी केव्हाचा जगप्रसिद्ध झालेला. निवड का झाली, हे जॅकने पुढे राष्ट्रीय प्रशिक्षक आल्फ रॅमसीला विचारलं. आपण नेहमीच सर्वोत्तम खेळाडू निवडत नाही, आपल्या आराखड्यात बसणारा निवडतो, अशा आशयाचं उत्तर मिळालं. दुसरा कुणी दुखावला असता. जॅकने ते वाक्य गाठीशी बांधलं.

१९६६ चा विश्वचषक इंग्लंडमध्येच होता. उपांत्य फेरीत पोर्तुगालविरुद्ध बॉबीने दोन गोल केले. शेवटी-शेवटी तोरेसचं हेडर गोलमध्ये चाललं होतं, ते जॅकने हाताने अडवलं. पेनल्टीवर युसेबियोने गोल केला. स्पर्धेत इंग्लंडने खाल्लेला हा पहिला गोल. त्या संध्याकाळी दोघांचे वडील सामना बघू शकले नाहीत, कारण खाणीत त्यांची पाळी होती. ३० जुलैच्या अंतिम सामन्यात इंग्लंड २-१ ने पुढे असताना शेवटच्या मिनिटाला जॅकविरुद्ध फ्री किक दिली गेली आणि त्यातून वेबरने जर्मनीची बरोबरी साधली. जादा वेळेत इंग्लंडने ४-२ अशी बाजी मारली. शिट्टी वाजली आणि जॅक गुडघ्यांवर कोसळला, दोन्ही हातांनी तोंड झाकून. मला त्या दिवसाची ही प्रतिमा चषक उंचावलेल्या बॉबी मूरपेक्षा जवळची वाटते. जिंकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर इतकी सुटका क्वचित दिसते.

खेळत असतानाच त्याने इंग्लिश फुटबॉल संघटनेचे प्रशिक्षणवर्ग पूर्ण केले होते. १९७३ मध्ये निवृत्त होऊन तो थेट मिडल्सब्रोचा मॅनेजर झाला. संघ दुसऱ्या विभागात होता. सेल्टिकचा अनुभवी बॉबी मर्डॉक त्याने फुकटात आणला, तरुण ग्रॅम सूनेसला मधल्या फळीत बसवलं, आणि ॲलन फॉगन या वेगवान खेळाडूला एकच मुख्य काम दिलं: प्रतिस्पर्ध्यांची बचावफळी ऑफसाइडसाठी पुढे सरकली की मधून सुसाट तिच्या पाठीमागे पळायचं. विजयाला दोनच गुण मिळत त्या जमान्यात मिडल्सब्रोने दुसऱ्या क्रमांकाच्या संघापेक्षा तब्बल पंधरा गुण जास्त मिळवून पहिल्या विभागात प्रवेश केला. जॅक वर्षाचा सर्वोत्तम मॅनेजर ठरला.

पुढे शेफिल्ड वेन्सडेला त्याने तिसऱ्या विभागातून वर काढलं. न्यूकॅसलला वर्षभर राहिला. आपल्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवल्यावर तिथून उठून गेला. मधे, १९७७ मध्ये, रिव्हीने इंग्लंडचं पद सोडलं तेव्हा जॅकने रीतसर अर्ज केला होता. त्याला साधं उत्तरही आलं नाही. विश्वचषक जिंकून दिलेल्या खेळाडूला एक नकारपत्र पाठवण्याचंही सौजन्य नसावं, हे आज वाचतानाही चीड आणतं.

फेब्रुवारी १९८६ मध्ये आयर्लंडच्या फुटबॉल संघटनेने मतदान घेऊन त्याची निवड केली. पहिल्या फेरीत आघाडीवर होता लिव्हरपूलचा माजी मॅनेजर बॉब पेझली. शेवटच्या फेरीत जॅक निसटता जिंकला. आयर्लंडच्या राष्ट्रीय संघाचा कारभार एका इंग्रजाच्या हाती, हे दोन्ही देशांचा इतिहास माहीत असलेल्याला सहज पचणारं नव्हतं. शिवाय आयर्लंड तोवर एकाही मोठ्या स्पर्धेला पात्र ठरला नव्हता.

त्या उन्हाळ्यात मेक्सिकोतला विश्वचषक जॅकने बारकाईने पाहिला. बहुतेक संघ एकाच पद्धतीने खेळत होते: चेंडू मधल्या फळीतल्या कलावंताकडे द्यायचा, तो डाव रचणार. त्यांच्याशी त्यांच्याच पद्धतीने खेळलो तर आपण हरणार, हे जॅकला उघड दिसलं. मग त्याने मधली फळीच वगळली. चेंडू मागून थेट प्रतिस्पर्ध्यांच्या फुल-बॅकच्या, म्हणजे कडेच्या बचावपटूच्या, पाठीमागच्या मोकळ्या जागेत टाकायचा. फुल-बॅक वळून पळणार. त्याच्यामागे आपले दोघे-तिघे धावून जाणार. घाईत त्याने चेंडू बाहेर मारला तर त्याच्या गोलजवळ आपला थ्रो-इन. चुकला तर गोलची संधी. खेळ त्यांच्या अंगणात आणि आपला गोल सुखरूप. ऐकायला सोपं वाटतं, पण नव्वद मिनिटं असं धावायला जबरदस्त दमसास लागतो आणि एकाही खेळाडूला आराखड्याबाहेर जायची मुभा राहत नाही.

याची किंमत कलावंतांनी मोजली. लिअम ब्रेडी हा आयर्लंडचा सर्वांत नजाकतदार मिडफिल्डर. सप्टेंबर १९८९ मध्ये पश्चिम जर्मनीविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात जॅकने त्याला मध्यंतराच्याही आधी बाहेर बोलावलं आणि ब्रेडीची आंतरराष्ट्रीय कारकीर्द जवळपास तिथेच आटोपली. हा मला जॅकचा अक्षम्य कठोरपणा वाटतो. बदली करायला हरकत नव्हती; पण दहा मिनिटं थांबला असता तर एका मोठ्या खेळाडूचा मान राहिला असता.

खेळाडू शोधण्यात मात्र त्याची नजर पक्की होती. आजी-आजोबांपैकी कुणी आयर्लंडमध्ये जन्मलं असेल तर नातवाला आयर्लंडकडून खेळता येतं. पोटासाठी इंग्लंड-स्कॉटलंडला गेलेल्या आयरिश कुटुंबांची ही लेकरं इंग्लिश लीगमध्ये विखुरलेली होती. लिव्हरपूलचा जॉन ऑल्ड्रिज, ग्लासगोत जन्मलेला रे हॉटन, बार्न्सलीचा मिक मकार्थी अशांनी त्याचा संघ उभा राहिला. इंग्लिश वर्तमानपत्रांनी त्यांना उपरे आयरिश म्हणून हिणवलं. मला ते पटत नाही. देश सोडावा लागलेल्यांची नातवंडं परत बोलावणं यात गैर काय? आपल्याकडे भारताच्या संघात यायला भारतीय पासपोर्टच लागतो. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या खेळाडूंना घ्यावं की नाही, हा वाद आपल्या फुटबॉलमध्येही अधूनमधून पेटतोच. आयर्लंडने त्याचं उत्तर आपल्यापुरतं शोधलं होतं.

१२ जून १९८८, श्टुटगार्ट. युरोपीय स्पर्धेतला आयर्लंडचा पहिलाच सामना आणि समोर इंग्लंड. सहाव्या मिनिटाला डावीकडून चेंडू आत आला, इंग्लंडच्या केनी सॅन्समने तो परतवायला जाऊन उलट हवेत उडवला, ऑल्ड्रिजने डोक्याने पुढे सरकवला आणि जेमतेम साडेपाच फुटी रे हॉटनने पीटर शिल्टनच्या डोक्यावरून हेडर मारला. उरलेला वेळ गोलकीपर पॅकी बॉनर भिंत होऊन उभा राहिला. १-० असा निकाल लागला. ज्या संघटनेने त्याच्या अर्जाला उत्तर दिलं नव्हतं, तिच्या संघाला जॅकने हरवलं.

इटलीतल्या १९९० च्या विश्वचषकाने तर आयर्लंड ठप्पच झालं. गंमत म्हणजे पाच सामन्यांत त्यांनी दोनच गोल केले आणि ठरलेल्या वेळेत एकही सामना जिंकला नाही, तरी उपांत्यपूर्व फेरी गाठली. जेनोआत रोमानियाविरुद्ध गोलशून्य बरोबरीनंतर पेनल्टी झाल्या. बॉनरने तिमोफ्तेची पेनल्टी अडवली. निर्णायक पेनल्टी घ्यायला आला डेव्हिड ओलिअरी, ज्याला १९८६ मध्ये खटका उडाल्यावर जॅकने दोनेक वर्षं बाहेर ठेवलं होतं. त्याने गोल केला. रोममध्ये पोपची भेट झाली, इटलीकडून स्किलाचीच्या एकमेव गोलने पराभव झाला, आणि परतल्यावर डब्लिनच्या रस्त्यांवर लाखोंची गर्दी लोटली.

टीकाकारांचंही ऐकायला हवं. पालेर्मोतला इजिप्तविरुद्धचा गोलशून्य सामना कंटाळवाणेपणाचं उदाहरण म्हणून आजही सांगितला जातो. त्या स्पर्धेतल्या अशा रटाळ खेळामुळेच १९९२ मध्ये गोलकीपरला मागे दिलेला पास हाताने उचलण्यावर बंदी आली. एमन डन्फीसारख्या आयरिश समीक्षकाचं म्हणणं होतं की इतके गुणी खेळाडू असताना त्यांना असं खेळवणं हा त्यांच्या गुणांचा अपमान आहे. या म्हणण्यात तथ्य आहे. तरी ज्या देशाला पात्रताही मिळत नव्हती, त्याला आधी दार उघडून देणं महत्त्वाचं होतं, अशा मताचा मी आहे.

पॉल मग्रा या खेळाडूशी जॅक ज्या मायेने वागला, त्यावरून त्याच्या कठोरपणाची दुसरी बाजू दिसते. मग्राचं बालपण अनाथाश्रमांत गेलेलं, गुडघे निकामी, दारूचं व्यसन. तो सरावाला गायब व्हायचा, एकदा-दोनदा सामन्यालाही. इतरांना सहज डच्चू देणाऱ्या जॅकने त्याला शेवटपर्यंत सांभाळलं. १८ जून १९९४ ला न्यूयॉर्कजवळच्या जायंट्स स्टेडियमवर त्याची परतफेड झाली. हॉटनच्या गोलने आयर्लंडने इटलीला १-० ने हरवलं, आणि खांदा दुखत असतानाही मग्राने रोबेर्तो बाजोला जागच्या जागी रोखून धरलं. एक सेंटर-हाफ दुसऱ्या सेंटर-हाफवर किती विश्वास टाकू शकतो, हे त्या संध्याकाळी दिसलं. त्याच रात्री उत्तर आयर्लंडमधल्या लॉकिनआयलंड गावात हा सामना पाहत बसलेल्या सहा जणांना बंदूकधाऱ्यांनी पबमध्ये ठार केलं. त्या विजयाची आठवण तिथे कायमची या रक्तपाताशी जोडली गेली.

डिसेंबर १९९५ मध्ये ॲनफिल्डवर नेदरलँड्सने, तरुण क्लायव्हर्टच्या दोन गोलांनी, आयर्लंडची पुढच्या युरोपीय स्पर्धेची वाट बंद केली. जॅकने पद सोडलं. आयर्लंडने त्याला मानद नागरिकत्व दिलं. बालिना गावी, मॉय नदीकाठी तो सॅमन पकडायला येत राहिला. त्याने दिलेले चेक लोक बँकेत न भरता फ्रेम करून भिंतीवर लावायचे, असं सांगतात. बॉबीशी बरीच वर्षं अबोला होता, पण २००८ मध्ये बॉबीला बीबीसीचा जीवनगौरव मिळाला तो जॅकच्या हातून.

अखेरच्या वर्षांत जॅकला स्मृतिभ्रंशाने गाठलं. १० जुलै २०२० रोजी, ८५ व्या वर्षी तो गेला. १९६६ च्या संघातले रे विल्सन, मार्टिन पीटर्स, नॉबी स्टाइल्स यांनाही हाच आजार जडला होता, आणि पुढे बॉबीलाही. ग्लासगो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंमध्ये मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मृत्यू येण्याचं प्रमाण सर्वसामान्यांच्या साडेतीनपट होतं. पुढच्या अभ्यासात खेळाडूंच्या जागेनुसार फरक तपासला, तेव्हा सर्वाधिक धोका बचावपटूंना आढळला आणि गोलकीपरांना सर्वांत कमी. डोक्याने चेंडू मारण्याशी याचा संबंध असावा, हा संशय त्यामुळे बळावला. इंग्लंडमध्ये आता लहान मुलांच्या सरावात हेडर बंद आहेत, आणि व्यावसायिक खेळाडूंनीही आठवड्याच्या सरावात जोरकस हेडर दहाच्या आत ठेवावेत, अशी सूचना २०२१ पासून लागू आहे.